गोळीचं आडनाव ओळखा
आरोग्य पाठ : अँटिबायोटिक औषधं कशी काम करतात आणि कोणता त्रास देऊ शकतात



या महिन्याचा पाठ नेहमीपेक्षा मोठा आहे. एका बैठकीत संपवायची घाई करू नका. अर्धा या बैठकीत वाचा, अर्धा पुढच्या. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत.

हा पाठ कशासाठी?

आपल्या गटाच्या वहीत रुपया-रुपयाचा हिशोब असतो. कोणी किती बचत भरली, कोणाचा हप्ता थकला, सगळं तोंडपाठ. अंतर्गत कर्जाचं कारण विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, "दवाखाना". पण दवाखान्यात कोणती गोळी घेतली असं विचारलं, तर उत्तर येतं, "पांढरी लांबट होती", "लाल कॅप्सूल होती", नाहीतर "भारीची होती".

पैसे आपले, अंग आपलं, पण गोळीचं नाव मात्र आपल्याला माहीत नसतं. ताप-खोकल्याच्या साध्या गोळीत हे एकवेळ चालून जाईल, अँटिबायोटिकमध्ये चालत नाही. समजा, एखाद्या ताईला एका गोळीने अंगभर गांधी उठल्या. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाची ॲलर्जी आहे?" तिला नाव सांगता आलं नाही, तर तेच औषध पुन्हा मिळू शकतं, आणि दुसऱ्या वेळी ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून आज एवढंच शिकायचं : अँटिबायोटिकचं आडनाव ओळखायचं. आडनावावरून त्याचं घराणं कळतं आणि घराण्यावरून त्याचा स्वभाव कळतो.

अँटिबायोटिक म्हणजे काय?

मराठीत याला प्रतिजैविक म्हणतात. जिवाणू नावाचे बारीक जंतू असतात, त्यांना मारणारं किंवा त्यांची वाढ थांबवणारं औषध म्हणजे अँटिबायोटिक.

ज्यांच्या घरी दुभतं जनावर आहे त्यांना हे लवकर समजेल. गाईला काससुजी झाली, डॉक्टरांनी सडात औषधाची ट्यूब सोडली आणि त्याच दिवसांतलं दूध आपण विरजलं, तर दही नीट लागत नाही. का? कारण विरजणातही जिवाणूच असतात. औषध दुधात उतरलं आणि त्यानं ते मारले. औषधाला चांगला जंतू, वाईट जंतू हा भेद कळत नाही. आपल्या पोटातही विरजणासारखे असंख्य उपयोगी जिवाणू राहतात. गोळी घेतली की त्यांच्यावरही घाव बसतो. म्हणून अँटिबायोटिक सुरू झाल्यावर बऱ्याच जणींना पातळ जुलाब होतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सगळे आजार जिवाणूंमुळे होत नाहीत. सर्दी, फ्लू, बहुतेक साधा खोकला, डेंग्यू, चिकुनगुनिया, कांजिण्या हे विषाणूंचे आजार आहेत. विषाणूवर अँटिबायोटिक काही करू शकत नाही. सर्दी पाच-सात दिवसांत आपोआप उतरते. आपण तिसऱ्या दिवशी गोळी घेतो आणि श्रेय गोळीला देतो. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाबही बहुतेक वेळा विषाणूचे असतात. त्यावर ओआरएस आणि 14 दिवस झिंकची गोळी हाच उपचार आहे. शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.

जंतूवर घाव कुठे बसतो?

जिवाणू म्हणजे एक छोटं घर समजा. त्याला बाहेरून भिंत आहे. आत प्रथिनं तयार करणारा कारखाना आहे. आणि पुढची पिढी कशी घडवायची याची वही आहे. प्रत्येक घराण्याचं औषध वेगळ्या जागी घाव घालतं. म्हणून सगळ्या "भारीच्या गोळ्या" सारख्या नाहीत.

1. "सिलीन" आणि "सेफ" : भिंत पाडणारे

ॲमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लॉक्सासिलीन अशी नावाच्या शेवटी "सिलीन" असलेली औषधं पेनिसिलीनच्या घराण्यातली. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलीन सापडलं. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. नावाच्या सुरुवातीला "सेफ" असेल, जसं सेफिक्झिम, सेफॅलेक्सिन, सेफ्ट्रिॲक्झोनचं इंजेक्शन, तर ते याच घराण्याचे चुलतभाऊ.

हे औषध जंतूला भिंत बांधू देत नाही. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून ही औषधं आपल्याला बरीच सोसतात. गरज असेल तेव्हा गरोदरपणातही डॉक्टर बहुधा यांतलंच औषध निवडतात. जुलाब, मळमळ होऊ शकते. पण यांचा खरा धोका ॲलर्जीचा. पेनिसिलीनची मोठी ॲलर्जी असलेल्या ताईने "सेफ"वाली गोळी घेण्याआधीही डॉक्टरांना सांगायलाच हवं.

2. "थ्रोमायसिन" : कारखाना बंद पाडणारे

अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन. ही जंतूचा प्रथिनांचा कारखाना बंद पाडतात. मळमळ, पोटात कळा आणि जुलाब हा त्यांचा नेहमीचा त्रास. हृदयाच्या ठोक्यांचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं.

"अझिथ्रोच्या तीनच गोळ्या का दिल्या?" असं बऱ्याच जणी विचारतात. हे औषध शरीरात बरेच दिवस टिकून राहतं, म्हणून थोड्या दिवसांचा डोस पुरतो. त्यावरून "सगळ्याच अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या पुरतात" असं मात्र समजू नका.

3. "सायक्लिन" : हाही कारखान्यावरच घाव

डॉक्सिसायक्लिन हे यातलं नेहमीचं नाव. चिखलात, साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो आणि गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस, या दोन्ही आजारांत हे फार उपयोगी आहे. कोकणात भातलावणीच्या दिवसांत हे नाव बायकांच्या कानावर असतं.

याचे नियम लक्षात ठेवा. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम होते. औषध चालू असताना उन्हाने कातडी जास्त भाजते. शेतात जाताना पूर्ण बाह्या आणि डोक्यावर पदर ठेवा. गरोदर ताईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय कधीच देऊ नका. बाळाच्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडू शकतात.

4. "फ्लॉक्सासिन" : वहीवर घाव घालणारे

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन. जंतूला वाढण्यासाठी आपली वही, म्हणजे डीएनए, उलगडावी लागते. गुंडाळलेलं सूत उलगडावं तशी. हे औषध ते उलगडणंच अडवतं.

जुलाब लागले की मेडिकलमधून सर्रास आणली जाते ती बहुधा याच घराण्यातली गोळी. पण तिचा स्वभाव गरीब नाही. टाचेच्या वरची जाड शीर दुखणं, सुजणं, कधीकधी तुटणंही. साठीच्या पुढच्यांना हा धोका जास्त. झोप न लागणं, घाबरल्यासारखं होणं, हातापायांना मुंग्या येणं असंही होतं. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर अचानक खाली जाऊ शकते. शीर दुखायला लागली तर "काम जास्त झालं" म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

5. "निडाझोल" : वही फाडणारे

मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल. आमांश, हिरड्यांचा संसर्ग आणि अंगावरून जाण्याचे काही प्रकार यांवर देतात. तोंडाला लोखंडासारखी चव येते, लघवी गडद होऊ शकते, मळमळतं. ही गोळी चालू असताना दारू प्यायली तर उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असा त्रास होऊ शकतो. घरातल्या पुरुष मंडळींना हे स्पष्ट सांगा.

6. सल्फा : जंतूची शिदोरी तोडणारे

को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फा घराण्याचं. आपण फॉलिक ॲसिड पालेभाजीतून आणि लोहाच्या गोळीतून घेतो. बरेच जिवाणू ते स्वतः तयार करतात. सल्फा त्यांना ते करू देत नाही आणि त्यांची वाढ थांबते. हे औषध घेताना पाणी भरपूर प्यायचं. अंगावर पुरळ, तोंडात फोड, कातडी सोलणं यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता तातडीने दवाखाना गाठायचा. गरोदर असाल तर आधी सांगायचं.

7. इंजेक्शनची मंडळी

जेंटामायसिन, ॲमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन. शेवटी "मायसिन" ऐकून ही दुसऱ्या क्रमांकाच्या घराण्यातली समजू नका, इथे आडनाव फसवतं. ही मोठ्या संसर्गात इंजेक्शनने देतात. किडनीला आणि कानाला इजा होऊ शकते. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, ऐकू कमी आलं, चक्कर आली, लघवी कमी झाली, तर लगेच सांगायचं. कानाची इजा पुष्कळदा भरून येत नाही. "सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही" असं म्हणणाऱ्या सगळ्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

टीबीची औषधं

टीबीचं औषधही अँटिबायोटिकच आहे. टीबीचा जंतू फार हळू वाढतो, म्हणून नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. रिफाम्पिसिनने लघवी नारंगी-लाल होते. ते रक्त नाही, घाबरून गोळ्या थांबवू नका. पण डोळे पिवळे होणं, भूक पूर्ण मरणं, रंग ओळखायला अडचण येणं, हातापायांना मुंग्या येणं हे लगेच सांगायचं.

ताईंनो, एक गोष्ट इथे नीट ऐका. रिफाम्पिसिन चालू असताना माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. टीबीचा उपचार सुरू होतानाच नर्सताईंना दुसरं साधन विचारा. सरकारी दवाखान्यात टीबीचं औषध मोफत मिळतं. शिवाय निक्षय पोषण योजनेत आहारासाठी महिन्याला पैसे खात्यात येतात. ही रक्कम आधी 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली आहे.

लोह, कॅल्शियम आणि दूध

आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, पित्तावरचं पांढरं पातळ औषध आणि दूध हे सगळं "सायक्लिन" आणि "फ्लॉक्सासिन" औषधांना पोटातच धरून ठेवतं. औषध रक्तात पुरेसं जात नाही. गोळी पोटात गेली, पैसे गेले आणि गुण मात्र आला नाही. "गोळी गरम पडते म्हणून दुधाबरोबर घे" हा सल्ला या दोन घराण्यांना लागू नाही. साध्या पाण्याबरोबर घ्या. लोहाची गोळी किती तास सोडून घ्यायची की तेवढे दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. आजार संपला की लोहाची गोळी पुन्हा सुरू करायला विसरू नका.

त्रास झाला तर काय करायचं?

साधा त्रास : थोडी मळमळ, थोडे पातळ जुलाब, तोंडाची चव जाणं. पाणी, ताक, पेज घेत राहा आणि डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

न लाजता सांगायचा त्रास : अँटिबायोटिकनंतर अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं आणि खाज सुटणं. उपयोगी जिवाणू मेले की बुरशी माजते, त्यातून हे होतं. याला पुन्हा अँटिबायोटिक घेतलं तर बुरशी अजून वाढते. याचं औषध वेगळं असतं. नर्सताईंशी बोला.

लगेच दाखवायचा त्रास : दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, शौचातून रक्त, पोटात जोराची कळ. हे औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं.

एक मिनिटही न थांबण्याचा त्रास : गोळी किंवा इंजेक्शननंतर ओठ-जीभ-चेहरा सुजणं, श्वास लागणं, घशात आवळल्यासारखं होणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं. ही मोठी ॲलर्जी आहे. 108 ला फोन करा. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

जंतू औषधाला दाद का देत नाहीत?

कपाशीवाल्या गावांना 2017 सालची गुलाबी बोंडअळी आठवत असेल. बीटी बियाणं आलं तेव्हा वाटलं, आता बोंडअळीची चिंता मिटली. पण सगळीकडे, वर्षानुवर्षं तेच बियाणं. त्यातून ज्या अळ्या तगल्या त्यांचीच पुढची पिढी वाढली आणि अळी बीटीला दाद देईना. जंतूंचंही तसंच होतं. विनाकारण गोळी, अर्धवट गोळी, शेजारणीची उरलेली गोळी, यातून कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग खऱ्या आजारात तीच गोळी लागू पडत नाही. सवय आपल्या शरीराला लागत नाही, जंतू हुशार होतात. आणि ते जंतू एका घरात थांबत नाहीत. शेजारच्या बाळंतिणीपर्यंत, तिच्या तान्ह्यापर्यंत पोचतात. फ्लेमिंग यांनी 1945 सालीच, नोबेल पारितोषिक घेताना, अपुऱ्या डोसाचा हा धोका सांगून ठेवला होता.

गोठा आणि खुराडं

शेळी, गाय, कोंबडी पाळणाऱ्या गटांसाठी : जनावराला अँटिबायोटिक दिलं की दूध, मांस, अंडी किती दिवस वापरायची नाहीत हे पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून वहीत लिहा. तेवढे दिवस ते दूध डेअरीत घालू नका, घरच्या मुलांनाही देऊ नका. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळू नका. माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा आधार म्हणून वापरलं जाणारं कोलिस्टिन असंच कुक्कुटपालनात वापरलं जात होतं. 2019 साली सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

आपण काय ठरवायचं?

1. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायचं नाही. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की समजायचं, ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. काही औषधांची विक्री तर दुकानदाराला रजिस्टरमध्ये रुग्णाच्या नावासह लिहावी लागते, 2014 पासून तसा नियम आहे.

2. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे : "यात अँटिबायोटिक कोणती?", "किती दिवस घ्यायची?", "कोणता त्रास झाला तर परत यायचं?" पुडीत सुट्या गोळ्या दिल्या तर नाव लिहून मागायचं. हा उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

3. डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगायच्या : दिवस गेलेत का किंवा पाळी चुकली आहे का, बाळ अंगावर पितं का, आधी कोणत्या गोळीने त्रास झाला. लोह, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवायच्या.

4. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. आडनाव तिथे शोधायचं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध असू शकतं, मग दुप्पट डोस पोटात जातो.

5. सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. तरीही गोळ्या उरल्या तर ट्रंकेत जपून ठेवायच्या नाहीत आणि कोणाला द्यायच्याही नाहीत.

6. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने वहीचं एक पान करायचं : तारीख, आजार, अँटिबायोटिकचं नाव, किती दिवस, काय त्रास झाला. ॲलर्जी असेल तर लाल पेनाने. दवाखान्यात जाताना ही वही सोबत न्यायची.

हा पाठ वाचून कोणतीही गोळी स्वतःहून सुरू करायची नाही आणि चालू असलेली बंदही करायची नाही. मोठ्या ॲलर्जीची लक्षणं दिसली तर मात्र पुढचा डोस न घेता थेट दवाखाना.

बैठकीत चर्चेसाठी

अ) प्रत्येकीने घरातलं एक जुनं पाकीट आणावं. आडनाव शोधा, घराणं सांगा.
आ) गेल्या वर्षभरात सर्दी-खोकल्यासाठी किती जणींनी अँटिबायोटिक घेतलं? अंदाजे किती पैसे गेले?
इ) आपल्या गटात कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे? तिला नाव सांगता येतं का?
ई) टीबीचं औषध चालू असलेल्या घराला आपला गट कसा आधार देऊ शकतो?

चर्चेत जे प्रश्न अडतील ते सचिव ताईंनी लिहून ठेवावेत. गावात आरोग्य दिवस असेल तेव्हा नर्सताई आणि आशाताईंसमोर ते मांडा. आणि पुढच्या भेटीत मी येईन तेव्हा हिशोबाच्या वहीबरोबर औषधाची वहीही काढून ठेवा, दोन्ही बघू.

आपली,
क्षेत्र समन्वयक